मधुमेह आणि रोग्याची मनोवृत्ती

दादरा व नगर हवेलीतील डोकमर्डी हा सिल्वासा शहराचाच एक भाग होय. दमणगंगेच्या या खोऱ्यात शेतीच्या जोडीला कारखान्यांच्या पाळ्या आल्या आणि उठण्या-जेवण्याच्या वेळाही बदलल्या. रात्रपाळीहून परतलेला कामगार सकाळी पोटभर भात खाऊन झोपी जातो. मधुमेह हा शहरातील सुखवस्तू लोकांचा रोग, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत.

औषधोपचार ठाऊक असूनही रोगी ते मध्येच का सोडतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मुख्य कारण असे की, हा रोग प्रारंभी दुखत नाही. दाढ ठणकली की मनुष्य आपण होऊन दवाखाना गाठतो. रक्तातील साखर वाढली तर त्याला बहुधा काहीच जाणवत नाही. उपाशीपोटी ती दर १०० मिलिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक आढळली व फेरतपासणीतही तसेच दिसले, तर तो मधुमेह समजतात. गोळ्या सुरू होतात, दोन-तीन महिन्यांत साखर आटोक्यात येते आणि रोगी "मी बरा झालो" म्हणून गोळ्या बंद करतो. वस्तुतः साखर उतरली ती पथ्य व गोळ्या यांमुळेच. बांधाने पाणी अडले म्हणून शेतकरी बांध फोडीत नाही! गोळी कमी करावयाची की थांबवावयाची, हे डॉक्टरांनी ठरवावे.

काहीजण तपासणीपूर्वी दोन दिवस गोड वर्ज्य करतात. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्यासारखाच हा प्रकार. 'एचबीए१सी' या तपासणीपुढे मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तीतून मागील सुमारे तीन महिन्यांचा हिशेब कळतो. पण रोगी लपवाछपवी का करतो? बोलणी खावी लागतात म्हणून. "गोळ्या घेता ना?" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर येणार. त्याऐवजी "गेल्या आठवड्यात किती गोळ्या चुकल्या?" असे आरोग्यसेविकेने सहज विचारावे, खरे उत्तर मिळण्याचा संभव अधिक.

कडू खाल्ल्याने गोड मरते, असाही एक समज आहे. कारल्याची भाजी खुशाल खावी, परंतु तिचा रस हा गोळीला पर्याय नव्हे. गुळानेही साखर वाढतेच. नाचणी चांगली खरी. तथापि भाकरी किती खाल्ली याला महत्त्व आहेच.

सर्वांत मोठी धास्ती इन्सुलिनची. सुई म्हणजे अखेरची अवस्था, असे अनेकांना वाटते. इतिहास याच्या उलट आहे. १९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये मरणपंथाला लागलेल्या १४ वर्षांच्या मुलाला ते टोचण्यात आले. तो पुढे १३ वर्षे जगला. घरी शीतकपाट नसल्यास इन्सुलिनची बाटली पिशवीत घट्ट बांधून पाण्याच्या माठात ठेवता येते. ती गोठू मात्र देऊ नये.

दुर्लक्षाची किंमत डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांना मोजावी लागते. पायाची संवेदना गेली की भातशेतीत रुतलेला काटा कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापण्याची वेळ येते. रोज रात्री तळपाय उजेडात पाहावेत. स्वतःला दिसत नसल्यास घरच्यांनी पाहावेत.

इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेऊन जेवण लांबल्यास साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. रोगी शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे. कारखान्यातील पर्यवेक्षकाने अशा कामगाराची जेवणाची सुट्टी पुढे ढकलू नये. मधुमेह लहान मुलांनाही होतो. वर्गात असा विद्यार्थी असेल, तर तास चालू असतानाही त्याला खाण्याची मुभा शिक्षकांनी द्यावी आणि त्याचे कारण इतर मुलांना समजावून सांगावे.