आधी वारा बघ, मग गारवा

अगं, फोनवर तू "ताई, गाडीचा एसी लागतच नाही, उद्या गॅस भरून घेते" एवढंच बोललीस आणि ठेवून दिलास. म्हणून हे नीट लिहून पाठवतेय. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की माणूस घाईला येणारच, ते कळतं मला. तरी गॅरेजची पायरी चढायच्या आधी "लागत नाही" म्हणजे नेमकं काय होतं, ते तू स्वतः बघून घे. वाराच येत नाही, की वारा येतो पण गार होत नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचा खर्चही वेगळा.

वारा सोडतो तो ब्लोअर. डॅशबोर्डच्या आत बसलेली ती साधी बॅटरीवरची मोटर. गारव्यासाठी कॉम्प्रेसर, तो बॉनेटखाली, इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. एक-दोन-तीनवर काहीच नाही आणि चारवर एकदम भणाण वारा, असं असेल तर बहुधा ब्लोअरचा रेझिस्टर गेलाय. किरकोळ भाग आहे, बदलला की झालं. चारवरही वारा नसेल तर आधी फ्यूज बघायचा, मग मोटर. आणि ब्लोअर बंद असेल तर बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर लागतच नाही. तेव्हा वारा नसताना कुणी गॅसची गोष्ट काढली, तर ती आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

फ्यूज बघायला घाबरू नकोस. गाडीच्या पुस्तिकेत कुठला फ्यूज कुठे ते छापलेलं असतं. साधारण एक डबी स्टिअरिंगखाली आणि दुसरी बॉनेटमध्ये बॅटरीजवळ असते. गाडी बंद कर, किल्ली काढ आणि फ्यूज उपसून उजेडात धर. आतली पट्टी सलग दिसली तर चांगला, मधे तुटलेली किंवा काळवंडलेली दिसली तर उडाला. नवा घालताना आकडा तोच हवा. लाल 10 अँपिअरचा, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. 10 च्या जागी 20 घालून "आता नाही उडणार" म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. मग फ्यूजऐवजी वायर तापते आणि गाडीत आग लागायची भीती असते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तुमच्या पार्किंगमध्ये उंदीर आहेत म्हणालीस ना, मग कुरतडलेल्या वायरी आधी बघायला सांग.

वारा येतोय पण कोमट, तर आता कॉम्प्रेसरकडे वळ. संध्याकाळी इंजिन गार असताना हे कर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, घरातलं कुणीतरी आत बसलेलं. बॉनेट उघडून तू बाजूला उभी राहा. ओढणी काढून ठेव, वेणी मागे बांध आणि हात आत घालू नकोस. रेडिएटरचा पंखा कधीही अचानक सुरू होतो. मग इंजिन सुरू करून आतून एसीचं बटण दाबायला सांग. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पट्ट्याची चकती सतत फिरत असते, पण तिच्या पुढची मधली प्लेट एसी बंद असताना स्थिर असते. बटण दाबताच "टक्" असा आवाज येऊन ती प्लेटही फिरायला लागली, इंजिनाचा आवाज जरासा जड झाला, म्हणजे क्लच पकडतोय. काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतोच, पण तुझी जुनी आहे, तुला तो दिसेल.

प्लेट हललीच नाही तर वीज पोचत नाहीये, किंवा गाडीच पोचू देत नाहीये. वीज न पोचायला बऱ्याचदा रिले कारण असतो. शेजारच्या त्याच नंबरच्या रिलेशी अदलाबदल करून बघितली की कळतं. इंजिन जास्त तापलं तरीही गाडी एसी तोडते. तापमानाचा काटा वर असेल तर एसी विसर, कूलंटचं बघ, आणि गरम रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नकोस.

राहिला गॅस. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला लागूच देत नाही, कारण कॉम्प्रेसरचं तेल त्या गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसताना चालला तर कोरडा पडून जाम होईल. म्हणजे गॅसचा दोष असू शकतो. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही गं. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो. वर्षानुवर्षांत थोडा पाझरतो, ते ठीक. पण मागच्या उन्हाळ्यात भरलेला या उन्हाळ्यात संपला, तर गळती आहे. ती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. जोडांवर किंवा पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरवर तेलकट धूळ चिकटलेली दिसते का बघ, गळती बहुधा तिथेच असते. गॅरेजमध्ये नायट्रोजन भरून गळती तपासा, मग व्हॅक्यूम करा आणि गॅस वजनाने भरा, असं स्पष्ट सांग. किती ग्रॅम आणि कुठला, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. तुझ्या गाडीत बहुधा आर-134ए असेल, छोट्या गाडीला साधारण 400-500 ग्रॅम लागतो. बिलावर ग्रॅम लिहून घे.

आणि तिथे गेल्यावर "एसी चालत नाही" असं मोघम बोलू नकोस. "ब्लोअर चारही नंबरवर चालतो, फ्यूज चांगला आहे, कॉम्प्रेसरची प्लेट फिरत नाही," असं बोल. बाई एकटी आली की वाट्टेल ते भाग बदलून हातात बिल ठेवणारे असतात. एवढं ऐकल्यावर समोरचा जपून बोलतो. जुना भाग परत माग.

शनिवारी अमरावतीला जायचंच असेल आणि तोवर काम झालं नाही, तर पहाटे पाचलाच निघा. 150 किलोमीटरच तर आहे, ऊन चढायच्या आत पोचाल. सासूबाईंसाठी ओला पंचा आणि पाण्याची मोठी बाटली ठेव. वाटेत चहाला थांबलात तर छकुलीला दोन मिनिटांसाठीही बंद गाडीत ठेवू नकोस. आज संध्याकाळी ती प्लेट फिरते का बघ आणि मला लगेच फोन कर, मी जागीच आहे.