आधी टायमर हो

सोलापूर

चि. मनूस,

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, भाषणाच्या सरावासाठी ऑफिसातल्या टोस्टमास्टर्स क्लबात नाव घालू का?" आणि लगेच का घालू नये त्याची कारणंही सांगून टाकलीस. इंग्रजी कच्चं आहे, सोलापुरी हेल लपत नाही, चार लोकांपुढे उभं राहिलं की घसा कोरडा पडतो. तेव्हा घाईत मी नुसतं "घाल" म्हणाले. आता नीट लिहिते.

तू सोलापूरच्या सेवासदनात शिकलीस, तेव्हा रमाबाई रानडे तुला नव्या नाहीत. १८७३ साली लग्न होऊन त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्या, तेव्हा वय अकराच्या आसपास आणि अक्षरओळख नाही. नवऱ्यानं शिकवायला घेतलं म्हणून घरातल्या बायकांचा जाच सोसला. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती रानड्यांच्याच पुढाकारानं. पण एवढ्या मोठ्या वक्त्याच्या घरात राहून रमाबाईंना आपोआप बोलता आलं नाही. नाशिकला त्यांनी पहिलं जाहीर भाषण केलं, ते न्यायमूर्तींनी लिहून दिलेलं होतं. न्यायमूर्ती १९०१ साली गेले. १९०९ मध्ये रमाबाईंनी पुण्याचं सेवासदन उभं केलं, तेव्हा भाषण लिहून द्यायला कोणी नव्हतं, आणि त्यांना त्याची गरजही उरली नव्हती. मधल्या वर्षांत त्या सभांमधून बसल्या, ऐकत राहिल्या, उठून बोलत राहिल्या. मला तुझ्याकडून हेच हवं आहे.

रमाबाई १९२४ साली वारल्या. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी राल्फ स्मेडली यांनी वायएमसीएच्या इमारतीत तुझ्या या क्लबची पहिली सभा भरवली. बायकांना तिथं रीतसर सभासद होता आलं ते १९७३ साली. आपल्याकडे त्याआधी कितीतरी वर्षं बायका संस्था चालवत होत्या, सभा गाजवत होत्या. तेव्हा तिथं अंग चोरून बसू नकोस.

मात्र पहिल्याच आठवड्यात भाषणाला नाव देऊ नकोस. आधी टायमर हो, म्हणजे इतरांच्या भाषणाची वेळ राख. पाच ते सात मिनिटांचं भाषण असेल तर पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. हातात घड्याळ असलं की तुला कळेल, हिरवं कार्ड वर गेलं तरी कितीतरी वक्ते प्रस्तावनेतच घुटमळत असतात. मग 'अं', 'सो', 'ॲक्च्युअली' मोजायचं काम घे. दुसऱ्याचे मोजता मोजता आपले आपल्याला ऐकू यायला लागतात. ऐनवेळी विषय देऊन एक-दोन मिनिटं बोलायला लावतात, त्याला तू सर्वांत जास्त घाबरशील. तिथं दोनच वाक्यं सुचली तर दोन बोल आणि खाली बस, पण उठायचं टाळू नकोस.

या सगळ्यांत मला मोलाचं वाटतं ते मूल्यमापकाचं काम. कोणीतरी जीव तोडून बोललेलं असतं आणि दोन-तीन मिनिटांत तू त्याला सगळ्यांसमोर काय जमलं, काय नाही ते सांगायचं असतं. "छान झालं" म्हणून त्याचं काही भलं होत नाही. "गिरणीच्या भोंग्याची गोष्ट सांगितलीत तेव्हा सगळ्यांनी मान वर केली, तिथं थोडं थांबायला हवं होतं," असं म्हटलं की तो पुढच्या वेळी थांबतो. माणूस दुखावणार नाही आणि सुधारेलही, असं बोलता येणं म्हणजे निम्मं नेतृत्व. उद्या तुझ्या हाताखाली माणसं आली की रोज हेच करावं लागेल, आणि ऑफिसात ते कोणी शिकवत नाही.

पहिलं भाषण स्वतःची ओळख करून देणारं असतं, चार ते सहा मिनिटांचं. त्यासाठी इंटरनेटवरची सुभाषितं शोधत बसू नकोस. तू घरात मराठी, शेजारी पद्मशाली मैत्रिणींची तेलुगू आणि बाजारात कन्नड ऐकत वाढलीस. तुझे आजोबा जुन्या गिरणीत होते, गेटसभेत बोलायचे. ते सांग. वाक्यं लहान ठेव, पाठ करू नकोस, मुद्द्यांची एक चिठ्ठी पुरे. हेल राहू दे. शब्द स्पष्ट आले आणि वाक्य पूर्ण झालं की हेलाकडे कोणी बघत नाही. आपल्या डॉ. निर्मलकुमार फडकुले यांनी सोलापुरात राहून महाराष्ट्रभर श्रोते मिळवले, ते संतसाहित्याच्या व्यासंगावर. सांगायला काहीतरी असावं लागतं, म्हणून वाचन सोडू नकोस.

एक काळजी घे. क्लबात प्रत्येकाला टाळ्या मिळतात. नवख्याला त्या हव्यातच, पण त्यांवर विसंबू नकोस. तिथं शिकलेलं ऑफिसच्या मीटिंगमध्ये, सोसायटीच्या सभेत लगेच वापर. तुमच्या सोसायटीत पाण्यावरून भांडणं चालली आहेत म्हणालीस ना? तिथं उठून दोन मिनिटं शांतपणे बोल.

वर्गणीची घाई नको. आधी दोन-तीन सभांना पाहुणी म्हणून जा, माणसं बघ, मग पैसे भर. इकडे सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेसाठी हुतात्मा एक्सप्रेसनं येशील तेव्हा ते पहिलं भाषण मला म्हणून दाखव. घड्याळ मी लावीन आणि मूल्यमापनही मीच करीन, तयारीनं ये.

तुझी
आत्या