घटक 4 : पहिल्या शिकारीची कथा – वाचन आणि नोंद

4.0 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• शिकारकथेतील अनुभव घेणारा 'मी' आणि निवेदन करणारा 'मी' यांतील भेद सांगता येईल.
• कथेतील ज्ञान कोणाचे आणि श्रेय कोणाला, हे तपासता येईल.
• आपल्या परिसरातील मौखिक शिकारकथा जबाबदारीने नोंदवता येईल.

4.1 प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी जे संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकालच्या परिसरात राहतात, त्यांना उत्तरेकडील सातपुडा परका नाही. त्या डोंगरात 1997 साली घोषित झालेले अंबाबरवा अभयारण्य असून आज ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. डोंगराच्या पायथ्याशी शिकारीच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्यांतही पहिल्या शिकारीची गोष्ट विशेष रंगते. अशी गोष्ट वाचावी कशी आणि ऐकून लिहून घ्यावी कशी, हा प्रस्तुत घटकाचा विषय आहे.

शिकारीविषयीचे द्वैत आपल्या परंपरेत जुने आहे. 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकात दुष्यंताला हरणावर बाण सोडण्यापासून तपस्वी परावृत्त करतात. पुढच्याच अंकात सेनापती मृगयेचे गुण वर्णितो. हाच ताण आधुनिक शिकारकथेतही आढळतो.

4.2 विषय-विवेचन

4.2.1 दोन 'मी'

अभ्यासासाठी जिम कॉर्बेट यांची चंपावतच्या वाघिणीची कथा घेऊ. ती 1944 साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' या पुस्तकात आहे. मूळ घटना 1907 सालची. कॉर्बेट जंगलात मुरलेले होते. मात्र नरभक्षकाच्या शिकारीत ते नवशिके होते. पाली या डोंगरी गावाजवळ पहिल्या रात्री ते रस्त्याकडेच्या झाडाला पाठ टेकून बसले. भीतीने आणि थंडीने आपले दात वाजत होते, हे ते लपवत नाहीत.

घटना आणि लेखन यांत 37 वर्षांचे अंतर आहे. भ्यालेला मनुष्य 1907 मधला आहे; त्या भीतीकडे शांतपणे पाहणारा निवेदक पुढच्या काळातला, अनुभवी आहे. म्हणून शिकारकथा वाचताना पहिला प्रश्न विचारावा : हे त्या क्षणी जाणवले होते, की नंतर उमगले?

4.2.2 ज्ञान कोणाचे?

चंपावत येथे वाघीण उठवण्यासाठी 298 माणसांचा हाका घालण्यात आला. तो जमवला तहसीलदारांनी. कॉर्बेट यांच्याजवळ तीनच काडतुसे होती. ती संपल्यावर त्यांनी तहसीलदारांची बंदूक घेतली आणि अखेरचा बार त्याच बंदुकीचा झाला. मुखपृष्ठावर मात्र नाव एकाचेच असते. हाका घालणारे वाघिणीच्या डोंगरावर चढले. त्यांची संख्या कळते, नावे कळत नाहीत.

सातपुड्याच्या संदर्भात कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' (1871) पाहावे. महादेव डोंगरातील गव्यांच्या शिकारीत माग काढणारे कोरकू या पुस्तकात वावरतात. पाऊलखुणा, वाऱ्याची दिशा, पाणवठा यांचे ज्ञान त्यांचे, कथन साहेबाचे. म्हणून दुसरा प्रश्न : या कथेत वाट कोणी दाखवली?

4.2.3 शेवट कुठे होतो?

कॉर्बेट यांची कथा वाघिणीच्या मृत्यूपाशी थांबत नाही. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. पूर्वी कोणाच्या तरी गोळीने झालेली ही इजा. त्यामुळे तिला नेहमीचे भक्ष्य मिळवणे अशक्य झाले आणि ती माणसांकडे वळली, असे लेखक नोंदवतो. 436 बळींच्या या कथेच्या मुळाशी एका शिकाऱ्याचा अपुरा पडलेला बार होता. या एका तपशिलाने पराक्रमाच्या कथेचा अर्थ पालटतो. तिसरा प्रश्न असा : शिकार संपल्यावर निवेदक काय पाहतो?

4.3 आपल्या परिसरातील उपयोजन

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 आणि त्यातील 1991 ची दुरुस्ती यांनंतर हौसेच्या शिकारीला वाव उरला नाही. ती योग्य रीतीने थांबली. परंतु शिकारीबरोबर रान वाचण्याची विद्याही विस्मृतीत जाऊ लागली आहे. दुसरीकडे, रोही आणि रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी रात्र जागवणारा शेतकरी आजही जनावरांची चाहूल ओळखतो. आपली नोंदवही या दोघांसाठी आहे.

वृद्धांकडून गोष्ट घेताना त्यांची संमती घ्यावी. माग, हाका, मचाण, पाणवठा यांसंबंधीचे वऱ्हाडी शब्द त्यांच्याच उच्चारांत लिहावेत. बंदूक कोणाची होती, हे विचारण्याआधी सोबत कोण होते, हे विचारावे. ऐकलेले आणि स्वतः पाहिलेले यांची नोंद वेगळी ठेवावी. सांगणाऱ्याला अडचणीत आणील असा तपशील नोंदवू नये. गोष्ट मिळवण्याच्या ओढीने राखीव वनात विनापरवाना जाऊ नये.

4.4 सारांश

पहिल्या शिकारीची कथा वरवर पाहता जनावर मारण्याची असते. बारकाईने वाचल्यास ती पाहायला शिकण्याची कथा ठरते. चांगला निवेदक आपले भय, इतरांचे ऋण आणि जनावराची बाजू या तिन्ही गोष्टी सांगतो. ज्या कथेत यांपैकी एकही नाही, तिच्यात केवळ फुशारकी उरते.

4.5 स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. घटना आणि लेखन यांतील काळाचे अंतर निवेदनावर कोणता परिणाम करते? सोदाहरण लिहा.
2. 'नावे नसलेली माणसे' या दृष्टीने एका शिकारकथेचे परीक्षण करा.
3. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील एका ज्येष्ठ व्यक्तीकडून रानाविषयीची एक आठवण ऐका. ती 200 शब्दांत लिहून त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या समासात नोंदवा.