उन्हाळी शिबिर, गाव आणि तरुण मनाचे आरोग्य

मे महिना हा आपल्याकडे सुटीचा महिना. पूर्वी या सुटीत मुले आजोळी जात. मामे-मावस भावंडे एका अंगणात झोपत, भांडत आणि समेटही करीत. त्या काळी या गोष्टीला मानसिक आरोग्याचा उपक्रम असे नाव कोणी दिले नाही, आणि तशी आवश्यकताही नव्हती. आता कुटुंबे लहान झाली आहेत आणि दहावी-बारावीचे निकाल साधारणतः याच सुमारास लागतात. अपेक्षाभंग झालेला मुलगा किंवा नापास झालेली मुलगी ज्या दिवसांत सर्वाधिक एकाकी असते, नेमक्या त्याच दिवसांत शाळेला कुलूप असते, शिक्षक आपापल्या गावी गेलेले असतात आणि मैत्रिणी पुढील प्रवेशाच्या धावपळीत असतात.

हा प्रश्न मोजक्या घरांपुरता मर्यादित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातील दर सात मुलांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. तज्ज्ञांची संख्या पाहता इतक्या मुलांपर्यंत केवळ रुग्णालयामार्फत पोहोचणे शक्य नाही. म्हणूनच शिबिर आणि गाव यांचा विचार करावयाचा.

शिबिर भरविले की मुले आनंदी होतात, अशी एक समजूत आहे. ती सर्वस्वी खरी नाही. १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात रॉबर्स केव्ह येथे मुझफर शेरीफ या समाजमानसशास्त्रज्ञाने सुमारे ११ वर्षे वयाच्या २२ मुलांचे उन्हाळी शिबिर घेतले. मुलांचे दोन गट केले आणि बक्षिसांसाठी त्यांच्यात स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत शिव्यागाळी सुरू झाली, एकमेकांचे झेंडे जाळले गेले, राहत्या खोल्यांवर हल्ले झाले. पुढे दोन्ही गटांना एकत्र जेवू घालून पाहिले. त्याचा उपयोग झाला नाही. मात्र शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला, जेवण आणणारा ट्रक अडला, आणि दोन्ही गटांना मिळून तो ओढावा लागला, तेव्हा वैर ओसरू लागले. ट्रक ओढण्यासाठी वापरलेला दोर रस्सीखेचीचाच होता. (मुलांना न सांगता त्यांच्यावर प्रयोग करण्याची ही रीत आज कोणी मान्य करणार नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.) आपल्याकडील अनेक शिबिरांत उद्घाटन, स्पर्धा आणि पाहुण्यांच्या हस्ते पारितोषिक-वितरण यांतच निम्मा वेळ जातो. त्यात जिंकणारी मुले बहुधा आधीपासूनच आत्मविश्वास असलेली असतात. ज्याच्यासाठी शिबिर भरवावे, तो मुलगा शेवटच्या रांगेत टाळ्या वाजवीत राहतो.

याउलट चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीचे उदाहरण घ्यावे. विदर्भाच्या ऐन मे महिन्यात तेथे युवक-युवती कुदळ-फावडे घेऊन कामाला लागतात. आजारातून बरे झालेल्या, पण समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठमुक्त बांधवांनी उभी केलेली शेती ते तेथे पाहतात. छावणीचा हेतू मानसोपचाराचा नव्हता, श्रमनिष्ठेचा होता. तरीही मनाला आवश्यक असणाऱ्या अनेक गोष्टी तेथे आपोआप घडतात: पहाटे उठणे, अंग दुखेपर्यंत काम, गाढ झोप, गटचर्चेत बोलण्याची पाळी, आणि आपले गुण किती पडले हे ठाऊक नसलेली नवी माणसे. आपल्यावाचून एखादे काम अडेल, ही जाणीव खचलेल्या तरुणाला उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडते, असे आमचे मत आहे.

पण शिबिर आठ दिवसांत संपते. पुढे काय, याचे उत्तर गावानेच द्यावयाचे असते. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील सुमारे ७५ माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत प्रशिक्षण दिलेला, पण मानसोपचारतज्ज्ञ नसलेला समुपदेशक नेमला. काहींत तेच काम शिक्षकांकडे सोपविले. भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्याची पेटी, व्यक्तिगत भेटी असे साधे उपक्रम होते. समुपदेशक असलेल्या शाळांत मुलांमधील नैराश्याची लक्षणे आणि दांडगाई कमी झाली; शिक्षकांकडे काम असलेल्या शाळांत मात्र विशेष फरक दिसला नाही. यात शिक्षकांना उणेपणा नाही. त्यांच्यावरील कामाचा बोजा सर्वविदित आहे, आणि जे गुण देतात त्यांच्यापाशी मन मोकळे करणे मुलांना जड जात असावे.

तेव्हा ग्रामपंचायतीने शिबिर ठरवितानाच दोन माणसे निवडावीत, एक पुरुष व एक स्त्री. पद पाहून नव्हे, तर मुले आपण होऊन ज्यांच्याकडे जातात अशी. वाचनालय किंवा समाजमंदिराची एक खोली वर्षभर संध्याकाळी उघडी ठेवावी. काम खरे असावे: पाझर तलावातील गाळ, रोपवाटिका, शाळेच्या भिंती. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि अंधारापूर्वी घरी पोहोचण्याची सोय नसेल, तर त्यांची उपस्थिती तिसऱ्या दिवशीच घटते. बीडसारख्या जिल्ह्यांत मे महिन्यात ऊसतोडीहून परतलेली मुले गावात असतात. शाळेच्या पटावर नाव नाही म्हणून त्यांना वगळू नये.

शिबिर हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. एखादा मुलगा जेवणखाण सोडतो, रात्ररात्र जागतो, आवडीच्या वस्तू वाटून टाकतो किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलतो, तेव्हा त्याला रागावू नये व एकटे सोडू नये. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावतो, ही भीती निराधार आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतही मिळतो. हा क्रमांक पंचायतीच्या फलकावर आणि शाळेच्या फाटकावर रंगवून घ्यावा. आणि अशा घरात फवारणीचे औषध ठेवलेले असेल, तर ते त्याच दिवशी तेथून हलवून शेजाऱ्याच्या ताब्यात द्यावे. डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशीची असली, तरी या कामाला उद्याची वाट पाहू नये.