एकिनेशियाची जोपासना

झाडांवर माया करावी हें आपणांस सर्वच सांगतात; परंतु ती माया कोठें आवरावी हें शिकविणारीं झाडें थोडीं. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत वाढणारें एकिनेशिया हें त्यांपैकीं एक होय.

सूर्यफुलाच्या कुळांतील हें रोप अनेक वर्षें जगतें. त्याच्या गुलाबी-जांभळ्या पाकळ्या किंचित् खालीं झुकतात व मध्यें नारिंगी-तपकिरी कांटेरी शंकु उभा असतो. कांटेरी प्राण्यास ग्रीक भाषेंत जो शब्द आहे, त्यावरून १७९४ सालीं एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याचें हें नांव ठेविलें.

बीं ओलसर वाळूंत घालून थंड जागीं सुमारें चार आठवडे ठेविल्यास चांगलें रुजतें. तिकडील पुष्कळ माळी तें हिवाळ्यापूर्वींच उथळ पेरून ठेवितात, म्हणजे थंडीच तें काम करिते. जागा भरपूर उन्हाची व पाण्याचा निचरा होणारी असावी. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर राखावें.

पहिल्या वर्षीं बहुधा पानें व मुळेंच वाढतात. फूल दुसऱ्या वर्षीं येतें. येथेंच अधीर मनुष्य चुकतो. तो खत वाढवितो, तेव्हां दांडे लांबट व दुबळे होऊन कोलमडतात. तो रोज पाणी घालतो, तेव्हां मुळें कुजतात. कोवळ्या रोपास माती सुकूं लागल्यावरच पाणी द्यावें. एकदां मुळें खोल गेलीं कीं तें अवर्षणही सोसतें.

फुलांवर मधमाशा व फुलपाखरें येतात. फुलें सुकल्यावर सर्व शंकु कापूं नयेत. त्यांतील बीं गोल्डफिंच नांवाचे चिमुकले पक्षी आवडीनें खातात.

तेथील मूळ रहिवासी या मुळांचा औषधासाठीं उपयोग करीत. पुढें मागणी वाढली व रानांतील रोपें उपटलीं जाऊं लागलीं. म्हणून बागेसाठीं रोप रानांतून न आणतां बियांपासूनच वाढवावें. टेनेसी राज्यांतील एक जात तर वस्ती वाढल्यामुळें इतकी विरळ झाली कीं, १९७९ सालीं ती नष्टप्राय वनस्पतींच्या सरकारी यादींत गेली. लोकांनीं तिच्या जागा राखल्या, नव्या ठिकाणीं रोपें वाढविलीं, आणि २०११ सालीं ती त्या यादींतून बाहेर आली.

हात केव्हां लावावा व केव्हां आवरावा, हें ओळखणें हीच खरी जोपासना.