साधना कट ते रेडमंड कट : फ्रिंज आणि लेयर्सची घरगुती निगा

आपल्या आई-मावशीच्या पिढीला 'साधना कट' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. १९६० साली 'लव्ह इन सिमला' आला. साधनाचं कपाळ रुंद दिसतं म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर तिच्या कपाळावर झुलपं आणली, आणि कितीतरी मुलींनी आरशासमोर कात्री हातात घेतली.

मार्च २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातली सलून बंद झाली, तेव्हा रेडमंडमध्ये मीही तेच केलं. डोळ्यांत येणारी फ्रिंज ओली केली, कंगव्याने ताणली आणि भुवईच्या रेषेत एका झटक्यात कापली. वाळल्यावर ती थेट कपाळाच्या मध्यावर जाऊन बसली! कोड चुकला तर कंट्रोल-झेड आहे, केसांना ते नाही. पुढचे दोन महिने मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद होता.

असं का झालं? पाण्याने केसातले हायड्रोजन बंध सुटतात. ओला केस ताणला की लांब होतो आणि वाळताना आखडतो. केस कुरळे असतील किंवा कपाळाशी भोवरा असेल तर आणखीनच वर जातो. म्हणून पहिला नियम : फ्रिंज नेहमी कोरडी असताना कापायची.

कापताना
१. भांगापासून दोन्ही भुवयांच्या बाहेरच्या टोकांपर्यंत त्रिकोण काढा. बाकीचे केस चिमट्याने मागे बांधा, ते चुकूनही पुढे यायला नकोत.
२. केस न ताणता विंचरा. हवी त्यापेक्षा अर्धा इंच लांब ठेवूनच सुरुवात करा.
३. केस कापायचीच कात्री घ्या, स्वयंपाकघरातली नको. ती उभी धरून टोकांना बारीक बारीक काप द्या. आडवी कात्री चालवली की वाटी ठेवून कापल्यासारखं दिसतं.
४. दर दोन-तीन कापांनंतर मान हलवून आरशात बघा.

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, त्यामुळे फ्रिंजला तीन-चार आठवड्यांनी हात लावावा लागतो. लेयर्स मात्र घरी कापू नयेत. मागची पातळी आपल्याला दिसतच नाही. दोन-अडीच महिन्यांनी सलूनमध्ये जाणंच बरं.

रोजची निगा
डोकं धुतल्यावर आधी फ्रिंज वाळवा, कारण ती सगळ्यात आधी वाळते आणि वाळेल तशीच बसते. ड्रायरचं तोंड खाली ठेवून ब्रशने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे न्या. शेवटी थंड हवा द्या. लेयर्सची टोकं गोल ब्रशवर आत वळवा. खोबरेल तेलाचे एक-दोन थेंब फक्त टोकांना पुरतात, फ्रिंजला तेल नको. रविवारी चंपी केलीत आणि डोकं धुवायला वेळ नसेल, तर बेसिनपाशी नुसती फ्रिंज धुतली तरी चालतं.

आपल्याकडच्या रिमझिमीत छत्री कोणी घेत नाही, सगळे हूड ओढतात. हूडखाली फ्रिंज चपटी होते आणि दमट हवेने तेच बंध पुन्हा सुटतात. त्यामुळे ऑफिसला पोचल्यावर बोटं किंचित ओली करून फ्रिंज पुन्हा बसवावी लागते. पर्समध्ये छोटा कंगवा ठेवा.

कात्री लावण्याआधी
आपला हा अंक मदतीसाठी आहे, म्हणून एक हिशोब सांगते. आजारपणात केस गेलेल्या मुलांसाठी टोप बनवणारी 'लॉक्स ऑफ लव्ह' ही संस्था किमान १० इंच केस घेते. लेयर्स असले तरी चालतात, पण सगळ्यात लांब लेयर १० इंचांची हवी. महिन्याला अर्धा इंच म्हणजे १० इंचांना सुमारे वीस महिने! तेव्हा लांब केसांचे लेयर्स करायचे मनात असेल, तर आधी टेप लावून मोजा. लांबी पुरत असेल तर शेपटी बांधा, आधी ती कापून द्या आणि मग उरलेल्या केसांचा हवा तो कट करा. आपली फ्रिंज चुकली तर दोन महिन्यांत वाढते, पण जमिनीवर पडलेले १० इंच कोणाच्याच कामाला येत नाहीत.