आयएसडीएन ड्रायव्हर हाती घेणाऱ्याला

आयएसडीएनचा ड्रायव्हर सांभाळायला घेतोयस, तर एक गोष्ट आधी मनातून काढून टाक: मानक एक आहे ही. क्यू.९२१ आणि क्यू.९३१ ही मानकं सगळ्यांनी वाचली, पण एक्स्चेंजवर ती आपापल्या परीने उतरवली. जर्मनीत आधी १टीआर६ प्रोटोकॉल होता, मग युरोपभर डीएसएस१ आला. अमेरिकेत एटी अँड टीचं ५ईएसएस, नॉर्टेलचं डीएमएस-१०० आणि नॅशनल आयएसडीएन (एनआय) शेजारी शेजारी नांदले. म्हणून कोडमध्ये 'देश अमुक असेल तर' अशी अट कधीही घालू नकोस. अट प्रोटोकॉलवर घाल. लिनक्सच्या हायसॅक्स या आयएसडीएन ड्रायव्हरमध्ये डीएसएस१, १टीआर६ आणि एनआय१ यांच्या तिसऱ्या थराच्या फायली वेगळ्या होत्या आणि खालचा दुसरा थर, एलएपीडी, सगळ्यांना सामाईक होता. ती वाटणी मला आजही सगळ्यात शहाणी वाटते.

नव्या लाइनवर काय चाललंय ते कळत नसेल तर डी चॅनेलचा हेक्स ट्रेस काढ. आय-फ्रेममधले एलएपीडीचे पहिले चार बाइट सोडले की पाचवा बघ. तिथे ०८ असेल तर क्यू.९३१ च्या घराण्यातलं आहे, ४० किंवा ४१ असेल तर १टीआर६. पुढे वाचताना ९६ दिसला तर थांब. तिथून कोडसेट ६ सुरू होतो, तो संदेश संपेपर्यंत, आणि त्यातल्या घटकांचे अर्थ त्या त्या नेटवर्कचे. ९ई असेल तर फक्त पुढच्या एका घटकापुरता. हा फरक पार्सरमध्ये सुटला की लाइन वेड्यासारखी वागते आणि दोष उगाच कार्डाला जातो. अनोळखी ऐच्छिक घटक आला म्हणून कॉल तोडू नकोस, तो ओलांडून पुढे जा.

बाकीच्या सेटिंग्ज सुट्या ठेव. आपल्याकडची पीआरआय लाइन म्हणजे ई१, ३० बी चॅनेल, सोळाव्या टाइमस्लॉटवर डी, ए-लॉ आणि अॅस्टरिस्कमध्ये स्विचटाइप युरोआयएसडीएन. अमेरिकेत टी१, २३ बी, चोविसाव्यावर डी, म्यू-लॉ. जपानही म्यू-लॉवालाच. क्यूसिग प्रोटोकॉलमध्ये तर सतराव्या टाइमस्लॉटला १७ म्हणायचं की १६, हेसुद्धा सेटिंगवर ठरतं. एका पर्यायात हे सगळं बांधलंस तर पहिल्याच वेगळ्या लाइनवर अडकशील.

अमेरिकेतल्या बीआरआयवर एसपीआयडी (लाइनचा ओळख क्रमांक) पाठवून नोंदणी झाल्याशिवाय बहुतेक एक्स्चेंज तुला ओळखच देत नाहीत. युरोपात हा प्रकारच नाही, त्यामुळे तिथल्या प्रोग्रामरच्या लक्षात तो येणं कठीण. अमेरिकेत वाटेत कुठे रॉब्ड-बिट ट्रंक आली तर ६४ केबीपीएसचा डेटा कॉल खराब होतो, म्हणून ५६ केबीपीएसचीही सोय ठेव.

परदेशातली लाइन तुझ्या टेबलावर येणार नाही. ती ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे नीट शब्दांत ट्रेस माग, सोबत एक्स्चेंजचा प्रकार आणि प्रोटोकॉलचं नाव. त्यात फोन नंबर असतात, ते पुसल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. आलेला प्रत्येक ट्रेस चाचणीत घाल, म्हणजे जपानसाठी केलेला बदल जर्मनीचं काही मोडत नाही ना, ते त्याच दिवशी कळतं.

मान्यतेचंही भान ठेव. हायसॅक्सला काही कार्डांसाठी युरो-आयएसडीएनची अधिकृत मान्यता होती आणि ती तपासलेल्या मूळ फायलींच्या एमडी५ चेकसमला बांधलेली होती. एक ओळ बदलली की ड्रायव्हर चालायचा, पण मान्यता गेल्याचा संदेश यायचा. अशा फायलींत सहज म्हणून हात घालायचा नसतो.

२०१९ मध्ये लिनक्स ५.३ मधून हायसॅक्स निघालं. २००८ मध्ये कर्नलमध्ये आलेलं एमआयएसडीएन राहिलं. उद्या तुलाही एखादा जुना प्रोटोकॉल काढावा लागेल, तेव्हा ती लाइन अजून कोणाकडे आहे का ते आधी विचार. कोड काढलास तरी त्याचे ट्रेस रिपॉझिटरीत राहू दे.